गिधाडांचे घरटे असलेल्या सुळक्यावरचे जुने बोल्ट बदलावेत का?

रानवाट_नाशिक:

नमस्कार मंडळी,

आमचा नाशिकचा बारा-चौदा जणांचा छोटा गट गेली नऊ वर्षे सह्याद्रीत प्रस्तरारोहण करतो आहे. येत्या जानेवारीत त्र्यंबक रांगेतल्या एका सुळक्यावर चढाई करायचे ठरले होते आणि त्यासाठी दिवाळीनंतरच्या रविवारी आम्ही चौघे पाहणी करून आलो. सुळक्याचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. त्याचे कारण पुढे येईलच.

सुळका साधारण १८० फुटांचा आहे आणि त्यावरची मूळ वाट ऐंशीच्या दशकात चढली गेलेली आहे. पहिला कातळटप्पा चढून आम्ही बिले घेण्याच्या (साथीदाराचा दोर सांभाळण्याच्या) जागेवर पोहोचलो, तर तेथे कातळात भोक पाडून ठोकलेले दोन जुने बोल्ट आहेत आणि त्यांच्याखाली कातळावर गंजाचे तांबूस ओघळ उतरलेले आहेत. हातोडीने हलकेच ठोकून पाहिले तेव्हा एक खणखणीत वाजला, दुसरा मात्र बद्द वाजला. त्या दुसऱ्याचे हँगर, म्हणजे दोर अडकवायची पट्टी, मी चिमटीत धरून फिरवले, तर ते बोल्टसकट फिरले आणि भोकातून तपकिरी भुकटी माझ्या मनगटावर सांडली. त्याच बोल्टला टेपचा (चढाईच्या मजबूत विणलेल्या पट्टीचा) एक कापलेला तुकडा अजून बांधलेला आहे, म्हणजे अलीकडेच कोणीतरी त्याच्यावर भार टाकून खाली उतरले आहे. तो तुकडा पाहून माझ्या अंगावर काटा आला.

दुसरी गोष्ट अशी, की सुळक्याच्या डाव्या अंगाला नव्या, चकचकीत बोल्टांची एक रांग दिसली. मी अकरा मोजले. ते कोणी मारले हे गावात कोणाला ठाऊक नाही. त्यांतले चार तर एका चांगल्या भेगेपासून हातभर अंतरावर आहेत आणि त्या भेगेत नट किंवा फ्रेंड (भेगेत अडकवून नंतर काढून घेता येणारी आधाराची साधने) सहज बसतो, हे मी स्वतः बसवून पाहिले आहे.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. माथ्याखालच्या एका कपारीत विष्ठेचे पांढरे ओघळ होते. दुर्बीण लावली तेव्हा एक लांब चोचीचे गिधाड हिरव्या पानांची डहाळी चोचीत धरून तेथे उतरताना दिसले. मूळ वाटेचा शेवटचा टप्पा त्या कपारीपासून फार तर चाळीस फुटांवरून जातो.

गटात आता सरळ फूट पडली आहे. काहींच्या मते जुने बोल्ट बदलावेत, शेजारचे नवे उपटून टाकावेत आणि ठरल्या तारखेला चढाई करावी. काहींचे म्हणणे आहे की सुळका आहे तसा सोडून द्यावा. मला या दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुना_दोर:

ताई, ती वाट चढणाऱ्यांमध्ये मी नव्हतो, पण त्याच काळात त्याच रांगेत मी चढत होतो, म्हणून लिहितो.

त्या वेळी बॅटरीवर चालणारे ड्रिल आमच्यापैकी कोणी पाहिलेलेही नव्हते. डाव्या हातात ड्रिलची दांडी आणि उजव्या हातात हातोडी असे. एक ठोका, पाव फेरा, पुन्हा एक ठोका, आणि मधूनच रबरी नळीने भोकातली भुकटी फुंकून काढायची. काळ्या घट्ट कातळात एक भोक पाडायला अर्धा-पाऊण तास लागे आणि तेवढा वेळ आपण भेगेत ठोकलेल्या एखाद्या मेखेवर किंवा आधीच्या बोल्टवर लोंबकळत असायचो. म्हणून बोल्ट मोजके मारले जात. त्यात तत्त्वनिष्ठा किती आणि दमलेले खांदे किती, हे मला आज सांगता येणार नाही. मात्र त्यातून एक रीत तयार झाली आणि ती चांगली होती. जेथे भेग आहे तेथे बोल्ट मारायचा नाही, आणि मारलाच तर उतरल्यावर किती मारले ते सर्वांना सांगायचे. संस्थांच्या हस्तलिखित अहवालांत बोल्टांचा आकडा हटकून लिहिलेला असे.

जुन्या बोल्टांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. ते बदलायलाच हवेत, कारण चार महिने धो धो पाऊस झेलणाऱ्या कातळात साध्या पोलादाचा बोल्ट पस्तीस-चाळीस वर्षे टिकला हेच पुष्कळ झाले. साध्या पोलादाच्या बोल्टवर नंतर कोणी स्टेनलेस स्टीलचे हँगर बसवले असेल तर गंज आणखी वेगाने चढतो, कारण दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागून राहतात. पण बदलायचा म्हणजे बोल्टास बोल्ट. दोन होते तर दोनच राहतील, तिसरा येणार नाही. जुना बोल्ट ओढून काढता आला तर तेच भोक रुंद करून त्यात ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा १० किंवा १२ मिलिमीटरचा बोल्ट बसवावा. न निघाल्यास तो कापून, ते भोक इपॉक्सीत तिथलीच दगडाची भुकटी कालवून बुजवावे. नवीन जागा निवडताना मात्र कातळ नीट वाचा. आपल्या बेसॉल्टच्या दोन थरांमध्ये जो तांबडा मऊ पट्टा असतो त्याच्या जवळपास, किंवा पांढऱ्या खड्यांनी भरलेल्या बुडबुडेदार थरात बोल्ट धरतो असे दिसते, पण त्याचा भरवसा नसतो.

हे करण्याआधी ती वाट प्रथम चढलेल्या संस्थेला पत्र लिहून विचारा. त्यांच्यापैकी कोणी ना कोणी नक्की भेटेल. वाट सर्वांची असते हे खरे, पण ती कशी चढायची हे पहिल्यांदा ज्यांनी ठरवले त्यांना विचारणे ही आपल्याकडची आणि जगभरची रीत आहे.

त्या अकरा बोल्टांना मात्र लगेच हात लावू नका. दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियातल्या सेरो टोरे या शिखराचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. १९७० साली इटलीचे गिर्यारोहक चेझारे मायेस्त्री यांनी पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर दोरांनी वर ओढून नेला आणि त्या शिखराच्या आग्नेय धारेवर सुमारे चारशे बोल्ट मारले. चाळीस वर्षे त्यावर वाद चालला. अखेर जानेवारी २०१२ मध्ये हेडन केनेडी आणि जेसन क्रुक हे दोन तरुण ती धार मायेस्त्रींचे बोल्ट टाळून चढले आणि उतरताना त्यांनी सव्वाशेच्या आसपास बोल्ट उपटून आणले. पाठोपाठ काही दिवसांत ऑस्ट्रियाच्या डेव्हिड लामा यांनी ती धार मुक्त पद्धतीने, म्हणजे साधनांवर भार न टाकता केवळ हातापायांनी, चढून दाखवली, म्हणजे ते बोल्ट अनावश्यक होते हे सिद्धही झाले. तरीही पायथ्याच्या एल चाल्टेन गावात लोक संतापले, पोलिसांनी त्या दोघांना काही काळ ताब्यात घेतले आणि बोल्ट जप्त केले. गावकऱ्यांचा सवाल होता की आमच्या डोंगराचा निर्णय तुम्ही दोघांनी कसा घेतला. मारणाऱ्याने कोणाला विचारले नाही आणि उपटणाऱ्यांनीही विचारले नाही. तुम्ही तिसरे होऊ नका.

कातळ_शिकवणी:

काकांच्या अनुभवाचा आदर राखून थोडे वेगळे लिहितो. मी गेली सात वर्षे प्रस्तरारोहण शिकवतो आणि माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी निम्म्या मुलांच्या घरी नवीन बूट घेण्याचीसुद्धा ऐपत नसते. फ्रेंडचा एक पूर्ण संच घ्यायचा तर त्यांच्या वडिलांचे काही महिन्यांचे उत्पन्न जाईल. चांगल्या बोल्टांनी सुरक्षित केलेली वाट असेल तर तीच मुले एक दोर आणि दहा-बारा क्विकड्रॉ (बोल्टला दोर जोडणाऱ्या कड्या) एवढ्या सामानावर लीड करायला, म्हणजे दोर घेऊन सर्वांत पुढे चढायला, शिकतात. ‘भेग आहे तेथे बोल्ट नको’ हा नियम ज्याच्याकडे भेगेत बसवायला सामान आहे त्याच्या सोयीचा आहे, हेही मान्य करायला हवे.

शिवाय हा नियम मूळचा ग्रॅनाइटच्या कड्यांवरचा आहे. १९७२ साली अमेरिकी गिर्यारोहक यव्हॉन शुइनार्ड आणि टॉम फ्रॉस्ट यांनी स्वतः बनवलेल्या मेखांविरुद्ध भूमिका घेतली ती अमेरिकेतल्या योसेमिटीच्या कड्यांमधल्या भेगा मेखांनी फुटत होत्या म्हणून, आणि तेथे नट अगदी घट्ट बसतात म्हणून. आपल्याकडे भेगेची एक बाजू पुष्कळदा सुट्या दगडाचीच असते. फ्रेंडवर झटका बसला की तो फाकतो आणि दगडच ढिला करतो. माझ्या डोळ्यांदेखत असा कपाटाएवढा दगड निघाला आहे. खाली बिले देणारी मुलगी दोन पावले उजवीकडे उभी होती म्हणून वाचली. तेव्हापासून मी नवख्यांच्या वाटेवर बोल्ट कमी करा असे म्हणणाऱ्याला आधी ती जागा दाखवतो.

मात्र त्या सुळक्यावर अकरा बोल्ट मारणाऱ्यांनी नावही सांगू नये, हे मला पटत नाही. घरट्याबद्दल मला माहिती नाही, त्यावर जाणकारांनीच लिहावे.

कपारीतले_घर:

रानवाट ताई, सुळक्याचे नाव लिहिले नाही याबद्दल आधी मनापासून आभार. घरट्याची जागा जाहीर झाली की आठवडाभरात कॅमेरे येतात आणि हल्ली त्यांच्यासोबत ड्रोनही येतो. कृपया छायाचित्रही टाकू नका, कारण मागच्या डोंगरांच्या रेषेवरून जागा ओळखता येते.

मी पक्ष्यांच्या नोंदी ठेवण्याचे काम करतो. तुम्ही पाहिले ते घरटे सजवण्याचे काम होते. हिरवी पाने अस्तरासाठी आणली जातात, म्हणजे अंडे लवकरच येणार किंवा आलेलेही असेल. लांब चोचीचे गिधाड वर्षातून एकच अंडे घालते. ते सुमारे पन्नास दिवस उबवले जाते आणि पिल्लू उडायला लागेपर्यंत आणखी तीन-साडेतीन महिने जातात. म्हणजे नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत ती कपार वापरात असते. जोडीपैकी एक जण कायम घरट्यावर असतो. माणूस जवळ आल्यावर तो उठून गेला तर अंडे उन्हात उघडे पडते आणि कावळ्यांना संधी मिळते. चाळीस फूट हे अंतर फारच कमी आहे.

हा आग्रह एका पक्ष्यासाठी इतका का, असे कोणाला वाटेल. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे, मेलेले जनावर खाणाऱ्या गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि देशातील लांब चोचीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत सुमारे ९७ टक्क्यांनी घटली. २००६ मध्ये त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि ॲसिक्लोफिनॅक यांच्यावरही आली. विषाचे संकट थोडे ओसरले तरी वर्षाला एकच पिल्लू देणाऱ्या पक्ष्याची भरपाई अतिशय सावकाश होते. त्र्यंबक रांगेतले कडे हे त्यांच्या उरलेल्या थोड्या घरांपैकी आहेत. अंजनेरीला २०१७ मध्ये संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला, त्यामागेही गिधाडे आणि तेथेच सापडणारी कंदीलपुष्पाची एक प्रजाती ही कारणे होती.

गिर्यारोहकांना न आवडणारी गोष्ट आता सांगतो. आपला चढाईचा हंगाम आणि कड्यावरच्या पक्ष्यांचा विणीचा हंगाम हे जवळजवळ एकच आहेत. पावसाळा संपला, कातळ वाळला, हवा गार झाली की आपण दोर बाहेर काढतो. नेमक्या त्याच दिवसांत गिधाडे, शाहीन ससाणे आणि मोरघारी घरटी करतात. ‘हंगाम सोडून या’ असे म्हणणे म्हणजे तापलेल्या कातळावर मे महिन्यात या, असे म्हणणे आहे, आणि तेव्हा आग्या मोहोळांचा धोका असतो. मला याची जाणीव आहे. तरीही योसेमिटीत बहिरी ससाण्यांसाठी ठरावीक कडे दर वर्षी वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला बंद ठेवले जातात, आणि घरटे रिकामे असल्याची खात्री झाली की लवकर उघडलेही जातात. तेथील चढाई त्यामुळे संपलेली नाही. गिर्यारोहकांनीच खालून नजर ठेवून कोणती कपार चालू आहे आणि कोणती रिकामी आहे हे वन विभागाला कळवले, तर सगळा डोंगर बंद करण्याची वेळ येणार नाही.

जाता जाता आणखी एक विनंती. वाट साफ करताना कपारीतले गवत आणि माती खरवडून खाली फेकण्याची सवय सोडा. त्या ओंजळभर मातीत कंद असतात आणि ते दुसरीकडे कोठेही रुजत नाहीत.

पायथ्याची_वाडी:

ताई, मी त्याच बाजूच्या एका वाडीत राहतो आणि वाटाड्याचे काम करतो. तुमचा सुळका कोणता असावा हे मला समजले आहे, पण मीही लिहीत नाही.

तुम्ही सर्वांनी बोल्टांवर लिहिले. आमच्या बाजूचेही थोडे ऐका. शनिवारी रात्री अकरा-बारा वाजता गाड्या येतात, देवळात सामान पसरते, पहाटे चार वाजता स्पीकर वाजतो. सुळक्याच्या बुंध्याशी शेंदूर लावलेला एक दगड आहे. तो आमचा देव आहे. त्या नव्या बोल्टांच्या वेळी ड्रिल मारणाऱ्यांनी आपल्या पिशव्या आणि बूट त्याच्या चौथऱ्यावर ठेवले होते, हे गुरे राखणाऱ्या पोरांनी पाहिले. कोणी विचारले असते तर आम्ही अडवले नसते. आमच्या आजोबांच्या काळात मुंबईची मुले आली होती. त्यांनी आधी घरी येऊन नारळ दिला, माझ्या आजीच्या हातची भाकरी खाल्ली, मग दोर लावले. माथ्यावर झेंडा नको असे आजोबांनी सांगितले तर त्यांनी लावला नाही. ती गोष्ट आमच्याकडे अजून सांगतात.

आणि माणूस पडला की झोळी करून खाली आम्हीच आणतो. गेल्या आठ वर्षांत मी स्वतः तीन वेळा खांदा दिला आहे. त्या वेळी कोणाचे बोल्ट कोणाच्या पद्धतीचे होते हे कोणी विचारत नाही. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे, की कुजका बोल्ट ठेवू नका, आणि काय करणार आहात ते वाडीत बसून सांगा. वन विभागाची परवानगी काढाल तेव्हा गावाच्या समितीलाही पत्र द्या. समितीत बायका आहेत, त्या जास्त बारकाईने विचारतात.

डेन्व्हरहून:

मी मूळचा पुण्याचा, गेली अकरा वर्षे कोलोरॅडोत आहे. इथे हाच वाद कायद्याच्या पातळीवर गेला होता, म्हणून थोडक्यात लिहितो. अमेरिकेच्या १९६४ च्या वनप्रदेश कायद्यानुसार आरक्षित रानात यांत्रिक साधनांना बंदी आहे. त्यामुळे तेथे आजही बोल्ट हातानेच मारावा लागतो, जसा काकांनी मारला. नोव्हेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवा आणि वन सेवा यांनी कातळातले कायमचे अँकर (बोल्टसारखे आधार) हे त्या कायद्याखाली मुळात निषिद्ध बांधकाम समजावे, असा प्रस्ताव मांडला. गिर्यारोहकांनी त्याला कडाडून विरोध केला, कारण उतरण्यासाठीचे अँकरही त्यात आले असते. तो प्रस्ताव मागे पडला आणि जानेवारी २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने आरक्षित रानात अँकर वापरण्याला मान्यता दिली.

मला यात आपल्यासाठी घेण्यासारखी वाटते ती हातड्रिलची अट. इथे कोणाला बोल्ट मारू नको असे सांगावे लागत नाही. अर्धा तास लागणार आहे म्हटल्यावर माणूस आधी भेग शोधतो.

जुना_दोर:

कातळ_शिकवणी, तुमचा मुद्दा मी दोन दिवस मनात घोळवला. सुट्या दगडाबद्दल तुम्ही लिहिले ते सोळा आणे खरे आहे आणि सामानाच्या किमतीबद्दलही मी विचार केला नव्हता. आमच्या वेळी सगळ्या संस्थेचे मिळून एकच सामान असे, म्हणून कोणाची ऐपत काय हे दिसतच नसे. शिकण्यासाठी बोल्ट असलेले कातळ हवेत, आणि ते शहराजवळच्या खाणींत किंवा गावालगतच्या लहान भिंतींवर असावेत, तेथे हवे तेवढे मारा. माझा आग्रह सुळक्यांपुरता आहे. सह्याद्रीत मोजता येतील एवढेच सुळके आहेत आणि प्रत्येकाची वाट कोणीतरी एका पद्धतीने सोडून गेला आहे. एखादी वाट मला आज झेपत नसेल तर मी परत फिरतो. माझ्यासाठी तिथे पायऱ्या कोराव्यात असे मी म्हणत नाही.

रानवाट_नाशिक:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री गटाची बैठक झाली. अडीच तास चालली आणि एकमत झाले नाही. तरी जे ठरले ते लिहिते.

जानेवारीची चढाई रद्द केली आहे. दोघांनी रागाने गट सोडतो असे सांगितले, त्यांच्याशी मी पुन्हा बोलणार आहे. घरट्यावर आम्ही समोरच्या धारेवरून, दुर्बिणीने, महिन्यातून दोनदा नजर ठेवू आणि नोंद वन विभागाला देऊ. त्यासाठी ‘कपारीतले_घर’ यांनी नोंदवहीचा नमुना पाठवावा. पिल्लू उडून गेल्याची खात्री झाली आणि पावसाला अवकाश असला तर मे महिन्याच्या अखेरीस पहाटे लवकर फक्त पहिल्या टप्प्यापर्यंत जाऊन ते दोन बोल्ट बदलू. मोहोळे दिसली तर तेही पुढे ढकलू. तोपर्यंत कोणी त्या बद्द वाजणाऱ्या बोल्टवर भार टाकू नये यासाठी पुढच्या रविवारी, वन विभागाने परवानगी दिली तर, मी फक्त एका साथीदारासह पहिला टप्पा चढून त्याचे हँगर काढून आणणार आहे. घरट्यापासून ती जागा शंभर फुटांहून जास्त खाली आणि आडोशाला आहे, पण हेही चुकीचे वाटत असेल तर स्पष्ट सांगा.

मूळ वाट चढलेल्या संस्थेतल्या एका काकांचा पत्ता मिळाला. फोनवर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो असा, की दुसऱ्या टप्प्याच्या सुरुवातीची आडवी भेग अजून शाबूत आहे का. तिच्या शेजारी बोल्ट आले आहेत हे मला त्यांना सांगवेना. मग सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

नव्या अकरा बोल्टांचा निर्णय आम्ही घेणार नाही. ज्यांनी ते मारले ते हे वाचत असतील तर त्यांनी कृपया पुढे यावे, कोणी भांडणार नाही. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता वाडीतल्या देवळासमोर बसायचे ठरले आहे. ‘पायथ्याची_वाडी’ यांच्या घरी भाकरीची सोय आहे, पीठ आणि भाजी आम्ही नेऊ. येणाऱ्यांनी किती जण ते आधी कळवावे आणि गाड्या फाट्यावरच ठेवाव्यात.